भांडगावला नेलेलं प्रभुभोजन

दौंडच्या आमच्या चर्चमध्ये मला डीकन नेमलं, त्याला जेमतेम महिना झाला होता. डीकननं पाळकांना हातभार लावायचा, आजाऱ्यांची विचारपूस करायची, जे चर्चमध्ये येऊ शकत नाहीत त्यांना प्रभुभोजन घरी न्यायचं. भांडगावला लेकीकडे राहणारे आबा पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळले होते. रविवारची उपासना संपली तशी पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाची छोटी बाटली माझ्याकडे दिली आणि ते एका लग्नासाठी पुण्याला निघाले.

एसटीत रस सांडेल म्हणून बाटली मी हातातच धरून बसले. पण खरी धास्ती पुढेच होती. आबांची लेक दारातच हळू आवाजात म्हणाली, "ताई, पातळ काय बी देऊ नका. ठसका लागतो. डॉक्टर म्हणले, छातीत गेलं तर अवघड हाय."

आत आबा धुतलेला सदरा घालून, उशीला टेकून माझीच वाट बघत होते.

मी अंगणात येऊन पाळकसाहेबांना तीनदा फोन लावला. बंद. रस दिलाच नाही, तर अर्धं प्रभुभोजन चालतं का? आणि दिला, आणि काही झालं तर? हे मला कुणीच शिकवलं नव्हतं.

शेवटी लेकीला विचारलं, "मग खातात काय?"

"दुधात कुस्करलेली चपाती. चमच्यानं, थोडी थोडी."

मी भाकरीचा दाण्याएवढा तुकडा रसात भिजवला, प्रार्थना केली आणि तो आबांच्या जिभेवर ठेवला.

ठसका लागलाच. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. लेकीनं त्यांना पुढं वाकवून धरलं. मी नुसती "प्रभू, प्रभू" म्हणत उभी. मग त्यांनी गिळलं, दम घेतला आणि अडखळत म्हणाले, "गेलं... खाली."

छातीत काही गेलं असेल तर ताप येईल, म्हणून पुढचे दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ फोन करून ताप आहे का विचारत होते. तिसऱ्या दिवशी लेक हसली. "आबा म्हणत्यात, ताप तुम्हालाच आलाय का बघा."

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक माझी. तुम्हाला पाठवण्याआधी मी आबांच्या घरी विचारायला हवं होतं."

पुढच्या महिन्यात ते बरोबर आले. तुकडा त्यांनी भिजवला. मी मागं बसून आबांची पाठ धरली. बरगड्या हाताला लागत होत्या. त्यांनी गिळेपर्यंत मी श्वास सोडला नाही.