भुंगेऱ्याची जात

"आधी जात, मग गाव," हे बाईंचं नेहमीचं वाक्य. त्यांना माणसांच्या जातीशी देणंघेणं नव्हतं. त्या किड्यांबद्दल बोलत. एकदा आमच्या पाहुण्यांच्या कॉलरवर काहीतरी चालताना पाहून त्यांनी विचारलं, "जात कोणती ही?" पाहुणे घाईने "देशस्थ" म्हणाले.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, नेपियर टाउन भागात, बाई आमच्या वरच्या खोल्यांत राहायच्या आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या.

पासष्टच्या लढाईत मी दारूगोळ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. खिडक्यांना काळे कागद, आत दिवे, ओव्हरटाइम. त्यातच लोकांच्या मानेवर, हातांवर भाजल्यासारखे लाल पट्टे उठू लागले. कुणी म्हणालं विषारी वायू, कुणी म्हणालं घातपात. मग बोटं करीमभाईंकडे वळली. हात पुसायच्या चिंध्या तेच वाटायचे. "चिंध्यांना काहीतरी लावून देतो," असं उघड बोललं जाऊ लागलं. करीमभाई डबा एकटेच खाऊ लागले.

माझ्याही मानेवर पट्टा उठला. जिन्यात बाईंनी तो पाहिला.

"खाजवू नका. दिव्याखाली पडलेले किडे आणून द्या मला."

मी काडेपेटीत चार-पाच आणले. तांबडे-काळे, लांबुडके. "मुंग्याच आहेत," मी म्हणालो.

"मुंगी नाही. हे आखूड कवच बघा, त्याखाली पंख घडी करून ठेवलेत. भुंगेऱ्यांच्या कुळातला आहे. चावत नाही. चिरडला की अंगातला रस कातडी जाळतो."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर कारखान्याच्या फाटकाशी आल्या. पाळी सुटली होती. करीमभाईंना लोकांनी घेरलं होतं आणि एका फिटरने त्यांची कॉलर धरली होती. बाई गर्दीत शिरल्या. काडेपेटी उघडून सांगू लागल्या.

"मॅडम, ये पाकिस्तान से आया क्या?" फिटरने विचारलं.

"वहाँ भी है, यहाँ भी है. यूरोप से जापान तक है. अपने ग्वारीघाट पर भी है. लड़ाई के पहले से है."

कुणी ऐकेना. तेव्हा बाईंनी एक किडा उचलला आणि स्वतःच्या हातावर चिरडून चोळला. "परसों देखना. तब तक इनको कोई हाथ नहीं लगाएगा."

फिटरने कॉलर सोडली, पण हसत.

दुसऱ्या दिवशी बाईंचा हात जवळपास तसाच होता. कारखान्यात ती बातमी माझ्या आधी पोचली. करीमभाई कामावर आले नव्हते. माझी बायको बाईंना म्हणाली, "तुम्ही काहून यात पडून राहिल्या?" बाई खिडकीच्या उजेडात सारखा हात बघत होत्या.

"एखाद्याला कमी उठतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला उठलंच नाही तर काय करायचं?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मनगटापासून कोपरापर्यंत लाल पट्टा होता, वर पिवळे फोड. फाटकाशी त्यांनी हात पुढे धरला. लोक एकेक करून वाकून बघून गेले. फिटर करीमभाईंच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आला. "चलो भैया, छोड़ो," एवढंच म्हणाला. करीमभाई त्याच्याकडे न बघता आत गेले.

परतताना मी म्हणालो, "बाई, तुम्ही त्यांना वाचवलंत."

"माझा हात जळला म्हणून ऐकलं त्यांनी. किडा सापडलाच नसता तर?"



पुढच्या उन्हाळ्यात बाईंची रायपूरला बदली झाली. स्टेशनवर करीमभाई आले होते. त्यांनी बाईंची ट्रंक डब्यात बाकाखाली सारली, खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.  गाडी हलली तसे ते खिडकीच्या गजाला हात लावून चालत राहिले. फलाट संपला तिथे थांबले, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे होते.