मायाक्काच्या हातचा वायसर

मायाक्काच्या दारावर पाटी आहे, ‘बापूसाहेब गॅसबत्ती दुरुस्ती. जुन्या बत्त्या नव्यासारख्या करून मिळतील.’ बापूसाहेब तिचा नवरा. अक्कलकोट रस्त्याला लागून असलेल्या त्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की बापूसाहेबाला बत्तीत रॉकेल कुठून ओततात तेही सांगावं लागतं. तो चादरीच्या कारखान्यात पाळीवर जातो, घरी येतो, जेवतो आणि त्या पाटीखाली बाज टाकून झोपतो. बार्शीहून, पुण्याहून माणसं आज्याच्या काळातल्या पितळी बत्त्या पिशवीत घालून आणतात आणि दारातून विचारतात, “साहेब आहेत का?”

“हायेत की. झोपल्यात,” मायाक्का म्हणते. “द्या बत्ती हिकडं.”

“पण दुरुस्ती…”

“झोपेत करत्यात ते.”

ती लग्न होऊन आली तेव्हा सासरे हरिबा वरातींना गॅसबत्त्या भाड्यानं देत. हरिबानं आधी लेकालाच शिकवायला बसवलं. लेकानं, जिथून रॉकेलची वाफ फुटते त्या निपलाच्या भोकात घालायची पिन वाकवली, मग जळून पांढरी झालेली मेंटलची जाळी बोट लावून पाहिली. एकदा पेटलेली जाळी म्हणजे नुसती राख; बोट लागताच ती झडून गेली. हरिबानं लेकाला उठवलं आणि चुलीपुढल्या सुनेला हाक मारली. त्या दिवसापासून मायाक्काच्या पदराचा रॉकेलचा वास गेला नाही.

वराती जनरेटरवर गेल्या, हरिबा गेला, रेशनवरचं रॉकेल बंद झालं. मायाक्काचं काम मात्र उलट्या वाटेनं वाढलं. वापरायला बत्ती कोणालाच नको होती, पण ठेवायला हवी होती, आणि ठेवायची तर ती पेटलीही पाहिजे असा नाद असलेली माणसं निघाली. मायाक्का टाक्या सोड्याच्या पाण्यानं उकळून धुते, नळीतली काजळी खरवडते, गळती कल्हई लावून बुजवते. पंपाचा वायसर विकतचा घेत नाही. रबराचा रॉकेलनं फुगतो. चप्पल शिवणाऱ्याकडून चामड्याचा तुकडा आणायचा, गोल कापायचा, गोड्या तेलात मुरत घालायचा. तो वर्षानुवर्षं हवा धरतो.

वस्तीच्या बिरुदेवाची पालखी निघते तेव्हा पुढं हरिबाच्या घरची बत्ती असते. तो त्या घराचा मान. आता रस्त्यावर खांबाखांबाला दिवे आहेत, तरी बत्ती पेटल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. हरिबाचे डोळे अधू झाल्यापासून ती बत्ती मायाक्काच पेटवून द्यायची आणि बापूसाहेब डोक्यावर घेऊन चालायचा. यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

यंदा जत्रेची कमिटी नवी झाली. तिचा अध्यक्ष अभिमन्यू कडक पांढरा शर्ट घालून घरी आला.

“काकू, एक सांगायचं हुतं. यंदापासनं मानाच्या बत्तीला बाईमाणसाचा हात नको. परंपरा हाय.”

“कुणाची?”

“आपलीच की.”

“आरं, तू उघडा फिरत हुतास तवापासनं मी ही बत्ती पेटवतीया. तुझ्या परंपरेला दात तरी आल्यात का?”

अभिमन्यू हसला आणि बाजेकडे वळला. “काका, तुमचा सत्कार ठेवलाय. शाल, नारळ, फेटा. एवढी वर्षं बत्तीची सेवा केली म्हणून.”

गिऱ्हाइकाच्या हाकेनं कधी जाग न आलेला बापूसाहेब ताडकन उठून बसला.

अभिमन्यू गेल्यावर मायाक्का नवऱ्याकडे बघत राहिली. “तुमी कायच बोलला न्हाय.”

“एका दिसाचा तर सवाल हाय. सालभर तुझाच हात असतोय की.”

“सालभर चालतोय आन् त्याच दिवशी देवाला बाटवतोय व्हय?”

“आगं, लोकांच्या तोंडी कशाला लागायचं?” म्हणून तो पुन्हा आडवा झाला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “फेटा कुटल्या रंगाचा म्हणला?”

मायाक्कानं हातातला पाना फरशीवर आपटला.

जत्रेच्या दिवशी दुपारी ती मानाची बत्ती पुढ्यात घेऊन बसली. सून ऋतुजा पुरणाचा हात पुसत बाहेर आली.

“आत्या, बत्ती कालच तयार झाली न्हवं? परत खोलताय कशाला?”

“माझा हात नको म्हणालेत. काढून घेती.”

तिनं पंपाची दांडी ओढून काढली आणि टोकाचा वायसर सोडवला. तो तिनं कापलेला होता. निपल काढलं, ते तिनं दुसऱ्या बत्तीचं घासून बसवलं होतं. आदल्या दिवशी बांधलेली कोरी जाळी सोडली. सगळं रुमालात बांधून कनवटीला खोचलं. सवयीनं काच पुसायला फडकं घेतलं, आणि पुसणंही आपल्याच हातचं म्हणून ठेवून दिलं.

“मामंजी चिडतील,” ऋतुजा म्हणाली.

“चिडू दे. चिडायला वायसर लागत न्हाय.”

दिवेलागणीला देवळापुढं गर्दी झाली. बापूसाहेब भगव्या फेट्यात, खांद्यावर शाल. अभिमन्यूनं माईकवरून त्याच्या सेवेचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या. मग बापूसाहेबानं बत्तीचा पंप मारायला घेतला. तांब्यात काठी हलवावी तशी दांडी आतबाहेर झाली. हवा धरेना. ढोल थांबले. मागून कोणीतरी ओरडलं, “काका, हितं ताक घुसळायचं न्हाय!”

बापूसाहेबानं बायकांच्या बाजूला पाहिलं. मायाक्का पुढं आली आणि तिनं रुमाल उघडला.

“ह्ये माझ्या हातचं. बाकी बत्ती तुमची.”

अभिमन्यूचा चेहरा उतरला. “काकू, जत्रेत असं करत्यात व्हय? देवाचं काम हाय.”

“देव काय म्हणला न्हाय मला. तू म्हणलास.”

“पालखी खोळंबलीया,” म्हातारे ओरडायला लागले. “जिला येतंय तिला लावू दे की!”

अभिमन्यू जवळ सरकला, आवाज बारीक करून म्हणाला, “बसवा मग. पण जरा आडोशाला. देवळाच्या मागं.”

मायाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. “आडोशाला का? चोरी करतीया मी?”

तिनं तिथंच, पालखीपुढं बसकण मारली. वायसर चढवला, निपल आवळलं, जाळी बांधली, स्पिरिट ओतून काडी लावली. नळी तापल्यावर पंपाला हात घातला. जाळी आधी धुरकटली, भडकली, मग पांढरीशुभ्र होऊन गुणगुणायला लागली. समोरचे सगळे चेहरे उजळले.

अभिमन्यूनं माईक उचलला. “मानाची बत्ती श्रीयुत बापूसाहेब यांच्या शुभहस्ते…”

मायाक्कानं टाकीचा हवेचा स्क्रू फिरवला. सूंऽऽ करून हवा गेली आणि बत्ती विझली.

“चुकलास,” ती म्हणाली. “परत सांग.”

गर्दी खिदळली. अभिमन्यूनं घसा खाकरला. “बापूसाहेबांच्या… घरच्यांच्या हस्ते…”

तिनं स्क्रू आवळला, पण पंपाला हात लावला नाही. “घरची म्हंजी कोण?”

“आरं, घे की बाबा तिचं नाव!” बापूसाहेब फेटा सावरत कळवळला. “मला हिच्यासंगं घरी जायचंय.”

“मायाक्काच्या हस्ते,” अभिमन्यू म्हणाला. माईक त्यानं तोंडापासून लांब धरला होता.

“माईकात.”

“मायाक्काच्या हस्ते!” शब्द देवळावर आपटून वस्तीभर गेले.

नळी अजून तापलेली होती. मायाक्कानं काडी ओढली आणि पंप मारायला लागली.