नानांची क्लॅरिनेट, माझी जीभ

बँडवाल्यांच्या घरात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. लग्न लागतं, वऱ्हाड जेवायला बसतं आणि आम्ही टेम्पोजवळ उभे राहून चहा पितो. तेवढ्यात एक तरी किस्सा तयार झालेला असतो. आमच्या कान्हे गावच्या बँडचे असे इतके साठलेत, की कोणता कोणत्या लग्नातला हे आता नीट सांगता येत नाही. पण एका सीझनचे मात्र सगळे ओळीने आठवतात. कारण त्या सीझनभर मी घाबरलेली होते!

आधी ओळख. बँड माझ्या वडिलांचा, म्हणजे नानांचा. नाना क्लॅरिनेट वाजवतात. गाणं क्लॅरिनेट गाते, बाकीचे सगळे तिच्या मागून जातात. मी त्यांची मुलगी. लग्न होऊन वराळ्याला राहते, तळेगावच्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. क्लॅरिनेट मला लहानपणी नानांनीच शिकवली. सुट्टी असली की मी बँडमध्ये त्यांच्या शेजारी उभी राहून दुसरी क्लॅरिनेट धरायचे. लांब लांब सूर लावायचे, आणि चुकले तरी नानांच्या आवाजाखाली सगळं झाकलं जायचं. फार सुखाचं काम होतं!

*

एका सकाळी नाना चहाला बसले आणि चहा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडला. आई म्हणाली, "नीट प्या की." नानांनी पुन्हा घोट घेतला, पुन्हा सदऱ्यावर. मग आईने त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि मला फोन लावला. एवढंच म्हणाली, "नानांचं अर्धं तोंड हसंना झालंय."

स्कूटरवरून कान्ह्याला पोचेपर्यंत माझ्या मनात नको ते सगळं होऊन गेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी नानांना दोन्ही हात वर करायला लावले, चालवून बघितलं, भुवया उचलायला सांगितल्या. डावी भुवई जागची हलली नाही. डॉक्टर म्हणाले, "अर्धांग नाही, घाबरू नका. चेहऱ्याची नस सुजली आहे. बरी होईल, पण वेळ लागेल. कदाचित काही महिने. डोळ्यात थेंब टाकायचे, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि सध्या फुंकून वाजवायचं काही नको."

आईने हात जोडले. मला रडूच फुटलं. नाना मात्र खुर्चीतून उठेनात.

"सायेब," ते म्हणाले, "रविवारी निस्ती हळद हाय. लगीन न्हाई. तेवढं वाजवू का?"

*

नानांचे ओठ मिटत नव्हते, त्यामुळे बोलताना प, ब, भ ही अक्षरं निसटायची. आमच्या ट्रम्पेटवाल्या बाळूला ते 'वाळू' म्हणायला लागले. एकदा टेम्पोवाल्याला त्यांनी फोन करून विचारलं, "वाळू आली का तुझ्याकडं?"

टेम्पोवाला म्हणाला, "नाना, आधी सांगायचं ना! किती ब्रास पाहिजे?"

आम्ही हसलो, नानाही अर्ध्या तोंडाने हसले. पण हसून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. लग्नं तर घेतलेली होती. साईड ड्रम वाजवणारे रामदासकाका, नानांचे पहिल्यापासूनचे जोडीदार, त्यांनी शेवटी तोंड उघडलं. "पोरगी हाय की!"

संथ गाणी मी वाजवली असती. पण वरातीची फास्ट धून? क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. प्रत्येक सूर सुटा ऐकू यायचा, तर जिभेचं टोक दर सुराला त्या रीडला लावून सोडावं लागतं, मनात तु-तु-तु म्हटल्यासारखं. चाल वाढली की माझी बोटं पुढे पळायची आणि जीभ मागे राहायची. सगळ्या सुरांचा साबुदाणा व्हायचा, एकाला एक चिकटलेला!

गावातल्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये नानांनी शिकवणी सुरू केली. मी वाजवायला लागले, की ते समोरून ओरडायचे, "जीव हलका ठिव! जीवावर जोर देऊ नगंस! जीव सोड, जीव!"

दहा मिनिटं ऐकलं आणि मी क्लॅरिनेट खाली ठेवून रडायला लागले. वडील आजारी, वर तेच मला जीव सोडायला सांगतायत!

रामदासकाका ड्रममागून म्हणाले, "अगं, जीभ म्हनतोय त्यो, जीभ! रडतीस कशापायी?"

*

नाना म्हणाले, वाद्य हातात नसलं तरी जिभेला सवय लाव. दिवसभर तोंडातल्या तोंडात तु-तु-तु म्हणत राहा. मी लॅबमध्ये तेच करायला लागले. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची आणि ओठांत पुटपुटायचं, तु-तु-तु-तु.

एक निवृत्त मुख्याध्यापक शुगर तपासायला आले होते. सुई टोचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे. मघापासून ऐकतोय, हे तू-तू काय लावलंय?"

मी माफी मागितली. नानांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग 'दु' म्हण, जीभ आणखी मऊ पडते. दुसऱ्या दिवशी दु-दु-दु सुरू केलं. समोर एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसल्या होत्या. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको मॅडम, त्याचं दूध आत्ताच झालंय!"

*

घरी मोबाईलवर ठोके देणारा मेट्रोनोम लावून बसायचे. मिनिटाला साठ ठोक्यांपासून सुरुवात, एका ठोक्यात चार वेळा जीभ. रोज थोडं पुढे सरकायचं. शहाण्णववर अडकले ती अडकलेच. आठवडा गेला, पहिलं लग्न जवळ आलं आणि शहाण्णव काही सुटेना. रात्री झोपेतही माझी जीभ दातांवर आपटायची, नवरा सांगायचा.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बाथरूमचं दार लावून वाजवत होते. एकच खालचा सूर, तु-तु-तु-तु, अर्धा अर्धा तास. एका शनिवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला : 'बी विंगच्या डक्टमध्ये कबुतर अडकलं आहे. फार तडफडतंय बिचारं. कोणीतरी बघा.'

मी वाचेपर्यंत बेल वाजली. दारात वॉचमन शिडी आणि जाळी घेऊन, मागे चेअरमन. "मॅडम, आवाज तुमच्याच बाथरूमच्या बाजूने येतोय. खिडकीतून बघू द्या जरा."

क्लॅरिनेट मी टॉवेलखाली सरकवली. खरं सांगायचं धाडसच झालं नाही. वॉचमनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं, टॉर्च मारला, बराच वेळ कान देऊन ऐकलं. मग तो चेअरमनकडे वळला.

"गप्प झालं, साहेब. गेलं वाटतं."

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर अकरा जणांनी हात जोडले होते.

*

लग्नाआधी एक रंगीत तालीम हवी, असं रामदासकाकांचं म्हणणं. लोहगडवाडीला त्यांच्या ओळखीच्या एका मावशींनी गडावर जाणाऱ्यांसाठी नवीन हॉटेल काढलं होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, सहा बाकडी आणि पिठलं-भाकरी. उद्घाटनाला बँडमधले आम्ही चौघंच गेलो. गडावर निघालेली पोरंपोरी मोबाईल काढून शूटिंग करायला लागली. काका ड्रमवर चाल वाढवायला बघत होते, मी डोळ्यांनी त्यांना विनवत होते, नका, नका!

धून कशीबशी संपली. मावशींनी मला पहिल्या ताटातली भाकरी दिली. म्हणाल्या, "ग्वाड वाजिवलंस गं बाई. पर गाडी फस्ट गेरातच चढली वर!"

*

कामशेतच्या लग्नात मात्र गाडी बंदच पडली.

वरात कार्यालयाच्या दारात आली. नवरदेवाचे मित्र नाचून घामाघूम झालेले. "फास्ट! अजून फास्ट!" एक कडवं निभावलं. दुसऱ्याच्या मध्यावर माझी जीभ थांबली. पायाला मुंग्या आल्यावर पाय जसा आपला राहत नाही, तशी. फुंक गेली, बोटं फिरली, सूर नाही. बाळूने पटकन ट्रम्पेट वर करून धून उचलली, पण व्हायचं ते झालं होतं.

नाचणाऱ्यांतला एक ओरडला, "ए, क्लॅरिनेट हँग झाली! रिस्टार्ट मारा!"

सगळे हसले. मी युनिफॉर्मच्या टोपीखाली डोळे लपवत टेम्पोकडे गेले. पुढच्या सीटवर नाना बसले होते, डाव्या डोळ्यावर रुमाल. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"नाना, माझ्याने होणार नाही. दुसरा कुणी बघा."

नानांची निसटलेली अक्षरं एव्हाना मला बरोबर ऐकू यायला लागली होती. तळहात आडवा धरून त्यांनी त्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. "ही रीड, ही तुझी जीभ. जीभ हळू न्हाई तुझी. लांब जातीया. रीडला शिवती, मग पार घशाकडं फिराया जाती, मग माघारी येती. कशाला? तिला हितंच ऱ्हाऊ दे, रीडच्या पुढ्यात. केसभर सरकली तरी लय झालं. आन दुसरं, तू दर सुराला फुंक बंद करतीस. घाबरून."

"घाबरू नको तर काय करू? भीती वाटते मला!"

"घाबर की," नाना म्हणाले. "फुंकत फुंकत घाबर."

*

पुढचे दिवस मी मेट्रोनोम बंदच ठेवला. एक लांब श्वास सोडायचा, सूर चालू ठेवायचा आणि मध्येच जिभेच्या टोकाने रीडला नुसतं शिवायचं. फुंक थांबू द्यायची नाही. आधी चार वेळा शिवायचं, मग थांबायचं. मग आठ. नाना शेजारी डोळे मिटून बसायचे, म्हणजे एक डोळा मिटून, आणि माझी जीभ लांब गेली की नुसता गुडघ्यावर हात मारायचे. त्यांना ते ऐकून कसं कळायचं, मला अजून समजलेलं नाही.

वडगावच्या लग्नात वरात निघाली तेव्हा मला फक्त एवढंच ठाऊक होतं, की श्वास थांबवायचा नाही. आजूबाजूला कोण नाचतंय, कोण ओरडतंय, काही कळलं नाही. धून संपली, तेव्हा रामदासकाका मनगट झटकत उभे होते.

"आज पळवलं कुनी आमास्नी?" ते धापा टाकत म्हणाले. "मी न्हवं हां!"

बाळूने माझ्याकडे बोट दाखवलं. काका शोधत राहिले, कारण मी तिथे नव्हतेच. मी टेम्पोच्या मागे जाऊन उलटी करत होते.

*

नाना पुढे बरे झाले. आज आम्ही दोघं पुढे उभे असतो, आणि कार्यालयवाले विचारतात, मेन क्लॅरिनेट कोणती? पण त्या सीझनचं शेवटचं लग्न लोणावळ्याचं होतं, तेव्हा नाना नुसतेच युनिफॉर्म घालून आमच्या बाजूला उभे होते. डोळा मिटायला लागला होता, ओठ अजून पुरते मिटत नव्हते.

वरात छान झाली. जेवणं झाली, दुपार कलली आणि पाठवणीची वेळ आली. पाठवणीला संथ धून लावायची असते, ती माझी लहानपणापासून पाठ. मी सीझनमध्ये पहिल्यांदा निवांत श्वास घेतला.

नवरी मांडवातून बाहेर आली. एका हातात आईचा हात. आईच्या डोळ्यांना धार लागलेली, आजूबाजूच्या बायका आधीच पदर लावून उभ्या. माझ्याजवळ आल्यावर नवरी साडीच्या निऱ्या सारख्या करायला वाकली, आणि खालूनच मला म्हणाली, "ताई, संथ काही वाजवू नका. मघाची वरातीची धून लावा. तुम्ही संथ वाजवलंत, तर माझ्याने गाडीत बसवणार नाही. आणि थांबू नका."

मी नानांकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. विचारायला वेळ नव्हता.

मी वरातीची धून लावली.

सगळा मांडव माझ्याकडे वळला. रामदासकाकांच्या काठ्या हवेत तशाच राहिल्या. मग त्यांना मला एकटीला सोडवेना, त्यांनी ठेका धरला. नवरीचे मामा गर्दीतून धावत आले. "ओ बाई! पाठवणी आहे ही! काय लावलंय? बंद करा!" क्लॅरिनेट दातांवर कटकट आपटत होती. नवरी मान वर करून चालत होती. मी आणखी जोरात फुंकलं. चाल वाढली. इतकी फास्ट मी आयुष्यात कधी वाजवली नव्हती, त्यानंतरही नाही.

ती चालत गाडीपर्यंत गेली. आईचा हात सोडवला. आत बसली. दार लागलं. काचेतून मला दिसलं, तिने दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं होतं. गाडी निघाली आणि मी वाजवत राहिले, ती वळून हायवेला लागेपर्यंत.

मग एकदम शांतता झाली. नवरीची आई अजून रस्त्याकडे बघत उभी होती. मामा माझ्यासमोर येऊन थांबले, चेहरा लालबुंद.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला ही धून लावायला?"

नवरीच्या आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. नानाही बघत होते.

मी रुमाल काढून ओठ पुसले.

"कुणी नाही, मामा," मी म्हणाले. "चुकून लागली."