मेव्हण्याचं गाणं आणि दोन तालुक्यांचा अभिप्राय

“फ्यूज काढा रे, फ्यूज काढा! मोटार जळाली! आरं कुनीतरी फ्यूज काढा!”

भर दुपारी कळंबच्या वस्तीवर तात्या असे बोंबलत धावत सुटले, तेव्हा त्यांच्या अर्ध्या मिशीला कलप लागला होता आणि अर्धी अजून पांढरीच होती. तात्या म्हणजे माझ्या सासुरवाडीचे शेजारी. त्यांच्या विहिरीवरची मोटार त्यांना मुलांपेक्षा प्रिय, कारण मुलं पुण्याला राहतात आणि मोटार जवळ असते. कुणी पुढे येईना म्हणून त्यांनी स्वतःच विजेच्या खांबावरचा डीपी गाठला आणि फ्यूज उपटला. वस्तीवरचे पंखे थांबले, पंप थांबले, गिरणीत कुणाचं तरी अर्धं दळण अडकलं. आवाज मात्र थांबला नाही. उलट इतर आवाज गेल्यामुळे तो अधिकच खुलला. घर्रर्र, ठण्, फुस्स, घर्रर्र, ठण्, फुस्स. “लाइट गेली तरी मोटार जळतीय!” असं म्हणून तात्या डीपीखाली मटकन बसले आणि भुताखेतांवर विश्वास नसलेल्या त्या माणसानं चारी दिशांना नमस्कार केला.

एवढ्यात समोरच्या शेडमधून माझा मेव्हणा बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर वरातीतल्या नवरदेवाचा आनंद होता. “तात्या, पार तिथपर्यंत ऐकू आलं? बॅटरीचा स्पीकर हाय, लाइटीशी संबंध न्हाई. बरं, कसं वाटलं गाणं?”

पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांना, जुन्नर आणि आंबेगाव असे दोन तालुके धुंडाळले तरी, गाणं ऐकवून माणसाला पाना-पकड हातात घ्यायला लावणारा दुसरा कलावंत सापडायचा नाही. पोटासाठी तो ट्रॉल्या जोडतो, बटाटा निवडायच्या मशीन बनवतो आणि महामार्गावर ज्या गाडीचं जे तुटेल ते चिकटवून देतो. हे सगळं करताना त्याचा एक कान कायम कामावर नसतो. आपण ट्रॅक्टर बघतो, तो ट्रॅक्टर ऐकतो. लग्नात लोक पंगतीला बसले की हा आचाऱ्याच्या मागे जाऊन खोबरं किसायच्या मशीनपुढे मोबाइल धरून उभा. दाढ काढायला गेला तेव्हा डॉक्टरला म्हणाला, “साहेब, भूल नंतर द्या, आधी ते ड्रिल एकदा नुसतं हवेत फिरवा.” आमच्या घरी आला की बहिणीची ख्यालीखुशाली विचारण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला कान लावतो. मागच्या वर्षी बायकोनं नवा फ्रिज घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हा हा व्याकूळ झाला. “ताई, इकू नको गं. असा सुरात घोरणारा फ्रिज आता मिळत न्हाई.” त्याचं लग्नसुद्धा असंच जमलं. मुलगी बघायला आम्ही गेलो, पोहे झाले, मुलीनं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि मुलीच्या बापानं “काही विचारायचं असेल तर विचारा” म्हटल्यावर यानं विचारलं, “मागं गोठ्यात कडबाकुट्टी चालू हाय ती कुठल्या कंपनीची?” बाप गोंधळला, आम्ही जमिनीत गेलो. मुलगी तेवढी हसली. आज ती त्याच्या गाण्याच्या वेळी शेडबाहेर बसून लसूण सोलते आणि विचारणाऱ्यांना शांतपणे सांगते, “न्हाई, कुनाला लागलं न्हाई. गाणं चाललंय.”

तर अशा या माणसानं वर्षभर खपून एक गाणं केलं आणि इंटरनेटवर सोडलं. नाव ‘थ्री फेज’. मला म्हणाला, “दाजी, ह्याला इलेक्ट्रो-इंडस्ट्रियल म्हनत्यात.” मी म्हटलं, म्हणजे चाकणला वाजतं तसलं का? तो म्हणाला, “त्याच्याही फुडचं.” गाण्यात ग्राइंडर आहे, कॉम्प्रेसर आहे, लोखंडी पत्र्यावर घण आहे, आणि या सगळ्याच्या तळाशी, पिंपात डोकं घालून बोलल्यासारखा, त्याचा स्वतःचा आवाज आहे: “लोड दे... लोड काढ... लोड दे...” मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आवडलं की नाही हे मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही. ऐकताना दात शिवशिवतात, हे खरं. आणि संपल्यावर दोन दिवस जिना चढताना पाय आपोआप त्या ठेक्यावर पडतात, हेही खरं. याला आवड म्हणायची की आजार, ते मी कुणाला विचारू?

इंटरनेटवरून जे अभिप्राय आले त्यांनी गोंधळ वाढवलाच. परदेशातल्या कुणीतरी लिहिलं होतं ते आम्ही हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांकडून समजून घेतलं. सर चष्मा पुसत म्हणाले, “हा म्हणतो, थंड, निर्दयी, जग बुडाल्यावर एकच कारखाना चालू राहावा तसं.” मेव्हण्याचा चेहरा उतरला. “निर्दयी म्हनतोय राव. आपन त्याचं काय घोडं मारलं?” सर म्हणाले, “थांबा, खाली पाच चांदण्या दिल्यात. स्तुती दिसतेय.” दुसऱ्यानं लिहिलं होतं की त्याच्या पोटात ढवळून निघालं, डोकं फुटायची वेळ आली आणि त्याला अजून हवंय. माझ्या बायकोनं हे ऐकून त्या परक्या माणसासाठी ओवा आणि सैंधव पाठवता येईल का, याची चौकशी केली. तिकडे शिव्या म्हणजे कौतुक असतं, एवढंच आम्हाला कळलं. मग इकडच्या माणसांच्या कौतुकाचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न पडला. पण तो फार वेळ टिकला नाही. इकडे कौतुक कुणी केलंच नाही.

त्याचं कारण आमच्या भागाच्या कानात आहे. इथे जन्मलेला माणूस आवाज ऐकत नाही, तपासतो. पंपाचा आवाज जरा बदलला की पीक जातं, म्हणून झोपेतसुद्धा त्याचा अर्धा कान विहिरीवर असतो. अशा लोकांना मेव्हणा हौसेनं गाणं ऐकवत फिरला आणि प्रत्येकानं त्याला बिघाड सांगितला. कुणी म्हणालं बेल्ट ढिला आहे, कुणी म्हणालं एक फेज गेलाय, एका आजीनं तर मिक्सरमध्ये चमचा राहिलाय असं ठणकावून सांगितलं. शेवटी तो मला मंचरला घेऊन गेला. तिथे जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरून देणारा एक मिस्त्री आहे. त्याचा कान असा, की पुलावरून जाणाऱ्या ट्रकचं कुठलं चाक कुरकुरतंय ते तो दुकानात चहा पिता पिता सांगतो आणि ट्रकवाला पुढच्या गावी ते चाक काढून खात्री करून घेतो. मिस्त्रीनं डोळे मिटले. मेव्हण्यानं माझं मनगट दाबलं. “डोळे मिटून ऐकतोय दाजी!” गाणं संपलं. मिस्त्रीनं डोळे उघडले, पान थुंकला आणि म्हणाला, “फुडचं बेरिंग. मागचं अजून दिवाळीपर्यंत काढंल.”

“मिस्त्री, हे गाणं हाय,” मेव्हणा कळवळून म्हणाला.

“गाणं का?” मिस्त्री विचारात पडला. “मंग गाण्याचं बेरिंग गेलंय.”

तरी याचा धीर सुटला नाही. आता त्याच्या डोक्यात खोडद आलं. खोडदला त्या आभाळाकडे तोंड करून बसलेल्या अवाढव्य अँटेना आहेत आणि त्यांच्या देखभालीवर आमचा साडू नोकरीला आहे. मेव्हण्याचं म्हणणं असं, की जी माणसं बारा महिने ताऱ्यांची खरखर ऐकतात त्यांना तरी आपलं कळेल. आम्ही गेलो. साडूनं अंगणात खाट टाकली, चहा आला, आणि मेव्हण्यानं स्पीकरचं बटण दाबलं. पहिल्या घर्रर्रलाच साडू कपातल्या चहासकट उभा राहिला. “बंद करा पावणं, पाया पडतो, बंद करा! आमी दिसभर ह्योच आवाज गाळत बसतो. कुनाच्या वेल्डिंगचा, कुनाच्या मोटारीचा. तो गाळून झाला की मंग तारे ऐकू येत्यात. आनि तुमी गाळलेला माल घेऊन आमच्याच दारात आला?” नेमक्या त्याच वेळी लांबची अँटेना संथपणे वळायला लागली, मग दुसरी, मग तिसरी. त्या त्यांच्या कामासाठी वळत होत्या, कुठल्याशा ताऱ्याकडे. पण आमच्या मेव्हण्याला ते कोण सांगणार? “दाजी, बघा! वळून बघत्यात!” तो म्हणाला आणि त्यानं त्या सगळ्यांना हात जोडले. आमच्या अख्ख्या मोहिमेत मिळालेला हा एकमेव चांगला अभिप्राय, असं तो अजूनही सांगतो.

परत येताना नारायणगाव मागे पडलं. मग गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन म्हणाला, “दाजी, सगळ्या दुनियेला इचारलं. आबांना न्हाई इचारलं.”

आबा म्हणजे त्याचे वडील, माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. एके काळी त्यांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला गावोगाव त्यांच्या तारखा आधीच ठरलेल्या असत. पेटीवर मामा, मागे ढोलकी आणि सहा जणांचा कोरस. त्या कोरसमध्ये लहानपणी माझा मेव्हणाही उभा राहायचा. पण पोरगं सुरात लागेना. एका जयंतीला, स्टेजवर, चालू गाण्यात, मामांनी मान वळवून त्याला सांगितलं, “तू नुस्तं तोंड हलव.” त्यानंतर त्यानं कधी तोंड उघडून गायलं नाही. मामांना हे आठवतही नसेल. आज पार्टीतले बरेचसे लोक राहिले नाहीत. ढोलकीवाले गेले, कोरसमधले चौघे गेले, आणि मामांची पेटी कपाटावर चादरीखाली असते. मामा शेडच्या मागच्याच खोलीत राहतात. वर्षभर त्यांच्या भिंतीपलीकडे गाणं तयार होत होतं, पण त्यांना ते काम चालल्यासारखंच वाटलं असणार.

“मंग इचार की,” मी म्हटलं.

“भ्या वाटतं. बाकीच्यांनी बेरिंग म्हनलं तर हसून सोडलं. आबांनी बेरिंग म्हनलं तर मंग ते बेरिंगच. मंग मी गप ट्रॉल्या जोडीन, दाजी. लॅपटॉप पोरांच्या शाळेला.”

ही जबाबदारी अर्थातच जावयावर आली. पुढच्या रविवारी मी मामांना हात धरून शेडमध्ये आणलं, खुर्चीवरचा लोखंडाचा कीस झटकला आणि सांगितलं, “मामा, तुमच्या पोरानं गाणं केलंय. शेवटपर्यंत ऐका.” मेव्हणा स्पीकरमागे अशा जागी उभा राहिला, की बापाला त्याचं तोंड दिसू नये. त्याची बायको लसूण बाजूला ठेवून दारात आली. गाणं सुरू झालं. मी आयुष्यात पुष्कळ चेहरे वाचले आहेत, निदान तसं लोकांना सांगितलं आहे, पण मामांच्या चेहऱ्यावर मला एक अक्षर लागलं नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. खाली बघत राहिले. उजव्या हाताचा अंगठा तेवढा बोटांच्या पेरांवरून हलत होता. पेरामागून पेर, पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आला. शेवटचा घण वाजला, शेवटचं फुस्स झालं. मामा उठले, धोतर झटकलं आणि मिरच्यांना पाणी घालायला निघून गेले.

मेव्हण्यानं स्पीकरचं बटण बंद केलं. लॅपटॉप मिटला, त्यावर फडकं टाकलं. मग वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावरून ओढून घेतला आणि एका ट्रॉलीखाली शिरला. त्या ट्रॉलीचं काम आदल्या दिवशीच पुरं झालेलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यालाही.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा. एरवी ताटावर बसलं की मेव्हणा ताटल्यांचे आवाज ऐकून माना डोलावतो, आज मान खाली. मामा आपले भाकरी कुस्करत होते. शेवटी मला राहवलं नाही. “मामा, गाणं ऐकलंत, पन सांगितलं काहीच न्हाई. कसं वाटलं?”

मेव्हण्याचा घास हातात थांबला. सुनेनं आमटीची पळी पातेल्यात तशीच धरली. मामांनी भाकरीचा घास संपवला, तांब्या उचलून वरून पाणी प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले, “तिसऱ्या कडव्यात एक मात्रा जास्त झालीय.”