आक्कांची सही

आक्कांनी पहिल्याच भेटीत माझ्या नाकाखाली कुजका आंबा धरला. "वास घे," त्या म्हणाल्या, "आणि लिव्ह." मी सदलग्याच्या जैन घरातली. आमच्याकडं पाणी गाळून पितात. भाजीत अळी निघाली तर ती अलगद परसात नेऊन सोडतात. इथं फुटक्या सालीतून पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मी वहीत 'घाण' एवढंच लिहिलं. आक्कांनी डोकावून तोंड वाकडं केलं. "घाण म्हंजे वास न्हवं गं, ती तुझी तक्रार हाय. आंबट हाय, दारूगत हाय, का शिळ्या पिठागत, ते सांग."

खानापूरच्या एका शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शिबिर भरायचं. विज्ञान आणि चित्रकला एकत्र शिकवणार, असं पत्रकात होतं. मी तेव्हा नववी संपवलेली. आक्का गुंजीच्या, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रोज सकाळच्या रेल्वेनं यायच्या. प्रत्येकानं एक वस्तू निवडायची, अकरा दिवस रोज तिचं चित्र काढायचं, खाली तारीख, वेळ आणि वास लिहायचा, हा त्यांचा नेम. मी घरून आणलेला पिवळाधमक आंबा निवडला. तो कुजणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आंबा चांगला दिसावा म्हणून मी त्याला एक हिरवं पान काढलं. "पान कुठं हाय?" आक्कांनी विचारलं. शोभेला, म्हटलं. "शोभा घरात कर. बघितलंस तेवढंच काढ." एका पोरानं गांडुळाला डोळे काढले होते. त्याला म्हणाल्या, "हे डोळं तू दिलंस व्हय? देवानं तर दिलं न्हाईत." कुजकं चिवडलेले हात त्या पदराला पुसायच्या आणि तसंच भाकरी मोडायला बसायच्या. आमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मला त्यांची किळस यायची, आणि त्यांनी सगळ्यांत आधी माझीच वही उघडावी असंही वाटायचं.

सातव्या दिवशी माझ्या आंब्यालाही अळ्या पडल्या. मी ओकून आले. आक्कांनी तांब्याभर पाणी दिलं आणि परत बसवलं. "मारू नको, पळू नको. बघ." मी बघितलं. अकराव्या दिवशी काळं साल आणि कोय उरली, तीही मी काढली. आजवर मी एवढं खरं काही काढलेलं नाही.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन होतं. पहिला येईल त्याला बंगळूरच्या मोठ्या शिबिराला पाठवणार होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, "निवड झाली तर सायन्स घे. न्हाय झाली तर कॉमर्स घ्यायचं आणि आपल्या दुकानात बसायचं." हे मी आक्कांनाही सांगितलं होतं. शिबिराचे प्रमुख, त्यांना सगळे सर म्हणायचे, माझे कागद बघून हसले. "पाहुण्यांना शेवटी अळ्या दाखवायच्या का? पॉझिटिव्ह पाहिजे, बाळ. उलटे लाव. कुजक्यातून ताजा. तारखा तेवढ्या बदल."

मी खोडरबर घेतलं. दहा तारखा खोडल्या, दहा नव्यानं लिहिल्या. फक्त सहाव्या कागदाची तारीख बदलावी लागली नाही, कारण तो मधला. कागदांवर पाटी लागली, 'आशेचा प्रवास'. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी तर डोळे पुसले. कुजलेला आंबा परत झाडावरून उतरवल्यासारखा होतो कसा, हे त्या गर्दीत एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मला सगळ्यांचीच शिसारी आली आणि मी हसत उभी राहिले.

आक्का एकेका कागदापाशी थांबत आल्या. "तारखा कुणी बदलल्या?"

"सरांनी सांगितलं."

"सांगितलं कुणी ते न्हाय इचारलं."

"मी."

तेवढ्यात सर फॉर्म घेऊन आले. माझं नाव पहिलं होतं. खाली छापलं होतं, 'ही निरीक्षणे मी तपासली असून ती खरी आहेत', आणि आक्कांच्या सहीला जागा. आता आक्का फॉर्म फाडणार, मला चारचौघांत झाडणार, अशी माझी खात्री होती. खरं तर मी त्याचीच वाट बघत होते. आक्कांनी मला विचारलं, "जायाचं हाय तुला?"

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी सही केली. अळ्यांनी आली नव्हती एवढी किळस मला त्या क्षणी आक्कांची आली. अकरा दिवस आम्हांला खऱ्याचे डोस पाजणारी बाई, आणि एका मिनिटात तिनंही शेण खाल्लं!

त्या पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा मी फाटकापर्यंत मागं गेले. "आक्का, तुम्ही सही का केलीसा?"

"तू व्हय म्हणालीस म्हणून. न्हाय म्हणाली असतीस तर केली नसती." त्यांनी चप्पल सरळ केली. "माझ्या नकारानं तुझं कालेज बुडालं असतं. ते माझ्यानं झालं न्हाय. पर आता पोरांना कुठल्या तोंडानं सांगू, बघितलं तेवढंच काढा म्हणून?"

"मी आत जाऊन सांगू का?"

"ते मला इचारू नको गं," त्या म्हणाल्या आणि स्टेशनाच्या वाटेला लागल्या.

मी तिथंच उभी राहिले. आत गेले तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं. मी एक घेतला.

पुढच्या वर्षी आक्कांनी शिबिराला नकार कळवला, नंतरच्याही वर्षी. आज मी बेळगावात बीएस्सीला आहे. गुंजी इथून काही लांब नाही, तरी मी गेलेली नाही. बंगळूरच्या शिबिराला मात्र तेव्हाच गेले. तिथल्या मॅडमनी माझे अकरा कागद सुटेच हातात दिले आणि म्हणाल्या, "तूच लाव, क्रम तुलाच ठाऊक." आसपास ओळखीचं कुणी नव्हतं, सर नव्हते, अण्णा नव्हते. मी टाचण्या घेतल्या आणि सगळ्यांत आधी, डावीकडं, अकराव्या दिवसाचा, काळ्या सालीचा आणि कोयीचा कागद लावला.