सोळा सोमवार आणि सातशे रेकॉर्डी

आमच्या घरात रेकॉर्डी पोत्यातून येतात आणि किस्से त्यांच्या मागून, न बोलावता. पहिला किस्सा घडला तेव्हा मी चिडले होते. दुसऱ्याला रडले. पुढं पुढं मोजणंच सोडलं. आता साताऱ्यात कुणाच्याही हळदीकुंकवाला गेले की वाण हातात पडायच्या आत बायका विचारतात, "काय म्हणतात तुमच्या तबकड्या?" माझी चौकशी त्यानंतर. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

मंडळी तीनच. आमचे हे, फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले. सांगलीकडचे पोपटराव, द्राक्षबागायतदार. आणि पाटणचे दत्तूकाका, शिंपी. तिघांचं वेड एकच, चावीच्या ग्रामोफोनवर, आमच्या भाषेत फोनोवर, वाजणाऱ्या जुन्या, जड, काळ्या रेकॉर्डी. हे नोकरीत असताना मी रोज देवाला म्हणायचे, यांना सुखरूप घरी आण. देवानं आणलं. सोबत दोन मित्र आणि सातशे रेकॉर्डी पाठवील, हे मला कुठं माहीत.

*

व्रताच्या उद्यापनाला नवरा-बायकोनं शेजारी शेजारी पाटावर बसायचं असतं. माझी आजवर तीन उद्यापनं झाली. एकदाही हे शेवटपर्यंत बसले नाहीत.

मागच्या खेपेला तर संकल्प सोडला, कलश मांडला आणि मिरजेहून फोन आला. कुणीतरी जुनं घर रिकामं करत होतं. "दोन मिनिटं हं," म्हणून हे उठले ते दिवेलागणीला पोपटरावांसह परत आले, दोघांच्या खांद्यावर एकेक पोतं. तोवर गुरुजींनी ह्यांच्या पाटावर एक सुपारी ठेवून पूजा पार पाडली होती.

मी पोपटरावांच्या हातावर प्रसाद ठेवत म्हटलं, "बघा भाऊजी, सुपारीच्या शेजारी बसून उद्यापन केलं मी."

पोपटराव प्रसाद तोंडात टाकत म्हणाले, "सुपारी बरी की वैनी. मधनंच उठून जात न्हाई."

यंदा ह्यांचे गुडघे धरले. मांडी घालता येईना, जिना चढता येईना. मी गुडघ्यांसाठी सोळा सोमवार धरले. मनात आणखी एक होतं, ते देवाला सांगितलं आणि ह्यांनाही सांगितलं, की या उद्यापनाला तुम्ही आरतीपर्यंत माझ्या शेजारी बसायचं. देव काय म्हणाला कळलं नाही. हे म्हणाले, "ओके."

*

दुसऱ्याच सोमवारी पूजेला बसायचं तर माझं सोवळं सापडेना. रेशमी, आईनं दिलेलं. दोरीवर नाही, खुंटीवर नाही. शेवटी बाहेरच्या खोलीत डोकावले. हे आणि दत्तूकाका समोरासमोर बसून सोवळ्याच्या दोन टोकांनी दोन रेकॉर्डी पुसत होते.

मी सोवळ्याकडं बोट दाखवलं.

"अगं, रेशीम आहे," हे समजावणीच्या सुरात म्हणाले. "सुती फडक्यानं तंतू राहतात. रेशमानं ओरखडासुद्धा उठत नाही."

"अहो, पण सोवळं आहे ते."

तेव्हा कुठं दोघांचे चेहरे पडले. दत्तूकाका हातातली रेकॉर्ड छातीशी धरून कळकळीनं म्हणाले, "वैनी, आईशप्पत, लावणीची एक बी न्हाई पुसली. समद्या भजनाच्याच पुसल्या."

*

पाचव्या सोमवारी मला एकशे आठ बेलाची पानं हवी होती. हे सकाळी पिशवी घेऊन गेले. गुडघे दुखत असतानाही गेले म्हणून मला भरूनच आलं. दोन तासांनी आले. हातावर रक्ताचे ओरखडे, चेहरा मात्र असा उजळलेला की मला वाटलं, याच सोमवारी देव पावला.

पिशवी ताम्हनात उपडी केली. नुसते काटे.

झालं होतं असं, की जुन्या जाणकार लोकांच्या मते लोखंडी सुईनं रेकॉर्ड झिजते, काट्यानं झिजत नाही. आजवर हे बाभळीचा काटा वापरायचे. बेलाला हात घातला, काटा बोटात घुसला, आणि तिथंच ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आणि पानं?" मी विचारलं.

ह्यांनी आधी ताम्हनाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तिथंच राहिली बहुतेक. तोडून बाजूला टाकली होती, काटे नीट दिसावेत म्हणून."

त्या सोमवारी मी देवाला तांदळाचे एकशे आठ दाणे मोजून वाहिले आणि हात जोडले. बाहेर फोनो वाजत होता. बेलाचा काटा गोड वाजतो, हे कबूल करायला पाहिजे. मी केलं, फक्त मनात.

*

पाटणला दत्तूकाकांच्या लेकीच्या डोहाळजेवणाला गेले होते. तिथं शेजारच्या एक आजी मला घरी घेऊन गेल्या. कुंकू लावलं, ताटात पोहे दिले. पोहे खाता खाता ताटाच्या काठावर नजर गेली. कोरलेलं नाव माझ्या आईचं. माझ्या लग्नात तिनं दिलेली ताटं ती. घरात बारा होती, चारच उरली होती आणि मी वर्षभर भांडीवाल्या बाईवर मनातल्या मनात संशय घेत होते.

"आजी, हे ताट कुठलं?"

"आवं, कुणी सातारचे सुभेदार आल्ते," आजी सांगू लागल्या. "माज्या लोणच्याच्या बरण्यांवर जुन्या काळ्या तबकड्या झाकल्या हुत्या, मालकांच्या येळच्या. त्यांनी मागितल्या. मी म्हन्लं, न्या, पर माझ्या बरण्या उघड्या पडतील. तर दुसऱ्याच दिवशी आठ ताटं आणून दिली की. एवढा देवमाणूस मी जन्मात पायला न्हाई. तुमी वळखता का त्यास्नी?"

मी म्हटलं, "थोडीफार."

*

अकराव्या सोमवारपर्यंत गुडघे खरोखरच सुधारले. म्हणजे काय झालं, तर हे शिड्या चढायला लागले. लोकांच्या माळ्यांवर. आपण देवाकडं गुडघे मागतो, ते कशासाठी वापरायचे हे मागायचं राहून जातं.

त्याच आठवड्यात कोयनानगरला एका ओळखीच्यांकडं रेकॉर्डींची ट्रंक निघाली. मीही गेले, धरणाकडं जरा फिरून होईल म्हणून. फिरणं राहिलं बाजूला. तिघांनी ओसरीवर फोनो मांडला, चावी दिली, शहनाईची रेकॉर्ड लावली. मी आत बायकांत बसले होते.

एकाएकी मांडणीवरची भांडी किणकिणली, पायाखालची जमीन सरकल्यासारखी झाली. तिथल्या लोकांना सवय असते. घरातले, शेजारचे, म्हातारेकोतारे, पाळण्यातलं पोर, सगळे क्षणात अंगणात. मी अनवाणी, ओठांवर शंकराचं नाव. सगळे मोजले तर आमचे तिघे नाहीत.

ओसरीवर बघते तर तिघं रेकॉर्डीवर ओणवे.

"चरा आहे," हे म्हणत होते. "सुई उडाली ती चऱ्यामुळंच."

"चरा न्हाई ओ, कडंला वाकलीया," पोपटराव म्हणाले.

घरमालक अंगणातून ओरडले, "आवं, बाहेर या. भूकंप झाला."

तिघांनी माना वर केल्या. दत्तूकाकांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान पसरलं.

"बघा," ते म्हणाले, "मग रेकॉर्ड चांगली हाय."

*

सतरावा सोमवार उद्यापनाचा. सोळा जोडपी जेवायला यायची होती, चूर्म्याचा प्रसाद तयार होता. हे माझ्या शेजारच्या पाटावर मांडी घालून बसले, एकदाही न कण्हता. गणपतीपूजन झालं, अभिषेक झाला. हे बसलेलेच. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते. आता गुरुजी कहाणी वाचणार, मग आरती. फार तर अर्धा तास राहिला होता.

गुरुजींनी पोथी उघडली आणि ह्यांचा फोन वाजला.

पोपटरावांचा आवाज असा, की फोन कानाला लावायचीही गरज नसते. "सुभेदार, महाबळेश्वरात हाय मी. जुन्या हॉटेलचं सामान काढत्यात. तुमच्या नाटकाची चौथी रेकॉर्ड हितं हाय म्हणत्यात. पर दोनशेचा ढीग हाय आन् नंबर तुमालाच पाठ. टेम्पो भराय लागलाय, लगोलग निघा."

ही चौथी रेकॉर्ड काय आहे ते सांगायला हवं. एका जुन्या नाटकाचा चार रेकॉर्डींचा संच आहे. पहिल्या तीन आमच्याकडं अकरा वर्षं आहेत. नायिका चिठ्ठी उघडते तिथं तिसरी संपते. चिठ्ठीत काय होतं, ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. ह्यांनी त्या चौथीसाठी नागपूरपर्यंत धाव घेतली आहे.

मी समईची वात उगाचच सारखी केली.

गुरुजी आमच्या घराला ओळखून आहेत. त्यांनी एकदा ह्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि दोघांचीही दया येऊन कहाणी भरधाव सुरू केली. शंकर-पार्वती देवळात आले, सारीपाट मांडला, डाव संपला, शापसुद्धा देऊन झाला, सगळं एका दमात.

ह्यांचा हात वर गेला. आता हे उठणार. मी पाय जवळ ओढून घेतले, ह्यांना जायला वाट व्हावी म्हणून.

"थांबा," हे म्हणाले.

गुरुजी थांबले. फोनमधून "निघालासा का? सुभेदार? ऐकू येतंय का?" असं चाललं होतं. ह्यांनी फोन पाटाखाली सरकवला.

"गुरुजी, स्पीड जास्त झालाय. शब्द कळेनात."

"नाही, म्हटलं तुमची घाई आहे, म्हणून..."

"सुई उचला," हे म्हणाले आणि मांडी पुन्हा नीट घातली. "पहिल्यापासून लावा."

गुरुजींनी पोथीची पानं मागं उलटली.