खंडाचं तत्त्वज्ञान

आळेफाट्याला गॅरेजच्या वर सायबर कॅफे निघाला आणि मी इंटरनेटवरच्या एका मराठी वाचकगटात जाणकार म्हणून मिरवू लागलो. कुणी जिज्ञासूने विचारायचा अवकाश, मी युरोप खंडातल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांची यादी पाठवायचो. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून ‘युरोप’ गाळून नुसतं ‘खंडाचं तत्त्वज्ञान’ लिहायचो.

एकदा डिंगोऱ्याच्या एका शेतकऱ्याने लिहिलं, “भाऊ, खंडाचं सोप्पं पुस्तक द्या.” मी हरखलो. अस्तित्ववादाची ओळख करून देणारं माझ्याकडचं पातळ पुस्तक डिंगोऱ्यावरून जाणाऱ्या कल्याणच्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं.

पंधरा दिवसांनी गडी पुस्तक घेऊन थेट कॅफेत हजर. “राव, आमी शेजाऱ्याची जमीन वर्षाच्या बोलीवर खंडानं कसतो, पिको न पिको ठरला पैका मालकाला द्यायचा, म्हणून मागवलं व्हतं. ह्यात कराराचा नमुना कुठंच नाय!”

माझं डोकंच फिरलं. “मग पंधरा दिवस ठेवून घेतलंत कशाला?”

“वाचत व्हतो की. लई अवघड हाय, पण पटलं. आपल्याला न विचारता जगात आणून सोडलंय. मालक दिसत नाय, मुदत कळत नाय, अन् पिकलं नाय तरी जबाब आपणच द्यायचा. म्हंजी समदं खंडानंच की, पावणं!”

इतक्या वर्षांच्या याद्यांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. ‘युरोप’ मी पुढेही गाळतच राहिलो, पण कंटाळ्याने नाही.